मिल एरियातला बार आणि चण्यांची बशी

ती घटना आठवायला मला आजही प्रयत्न करावा लागत नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, वर्तमानपत्रांत गाजलेले तपासही केले. तरीही मनात पहिल्यांदा येते ती एका साध्या बारमधली ही लुबाडणूक. व्यक्तींची नावे मी देणार नाही. नावे न सांगण्यासाठी एका माणसाने काय पणाला लावले होते, हे पाहिल्यानंतर ती लिहिण्याचे धाडस होत नाही.

त्या काळी इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. भोंगे थांबले होते. दुसरीकडे शहरात नवी हॉटेले उघडत होती, त्यांच्या दारांवर रंगीत दिवे लागत होते आणि आत आरशांच्या भिंती असलेले वातानुकूलित बार होते. मी मिल एरियातील ठाण्याचा प्रभारी होतो. चोरी कुठेही झाली, तरी वरून पहिला प्रश्न एकच येई : बेकार कामगारांना तपासले का?

एके दिवशी सकाळी बस स्टँडच्या प्रतीक्षागृहात एक वयस्कर प्रवासी बेशुद्ध आढळला. सामान नाही, घड्याळ नाही, ओळखीचा कागद नाही. त्याला सरकारी इस्पितळात हलवले. दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. तो आमच्या हेड कॉन्स्टेबलने घेतला. गृहस्थ माळव्यातले, तोंडाने फटकळ, पण कामाला पक्के. मला त्यांनी निरोप जसाच्या तसा सांगितला : "साहब, कोई बोल रिया था के मिल गेट के सामनेवाला बार देखो. मालिक दारू में गोली मिलाता है, मिलवाले उसके साथी हैं. बंगाली बाबू का कैमरा भी वहीं गया."

मालकाला बोलावले. जुनी इंदूर या वस्तीतले मराठी गृहस्थ, पन्नाशीचे, पांढरा सदरा, कपाळाला बारीक गंध. आजोबा संस्थानी काळात मुदपाकखान्यात होते. परिसरातले सारे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो.

"काका, काल एक बाहेरगावचे वयस्कर गृहस्थ तुमच्याकडे आले होते?"

"आले होते. भला माणूस. कलकत्त्याचा."

"त्यांच्यासोबत कोण बसले होते?"

"ते मी सांगणार नाही, साहेब."

"सांगणार नाही, की सांगता येत नाही?"

"सांगणार नाही. माझ्याकडे बसलेल्या माणसाचं नाव बाहेर जात नाही. बायका विचारत येतात, मेव्हणे येतात, सावकार येतात. कोणालाच सांगत नाही. तुम्हाला सांगितलं, तर त्यांना का नाही?"

मी कायदा समजावला. आबकारी खात्याची नोटीस निघणार होती. त्यांच्याविरुद्ध काही सिद्ध झाले, तर परवाना रद्द होणार होता. वडिलांनी उभा केलेला तो बार हीच त्यांची कमाई. शिवाय गिरणी बंद झाल्यापासून कितीतरी माणसे नोकरी शोधायला म्हणून घरून निघत आणि दिवसा तिथे नुसती बसत. दिवसा काका दारू देत नसत, पण बाकडीही मोकळी करायला सांगत नसत. हे त्यांनी मला सांगितले नाही, पुढे कळले. त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "परवाना सरकारचा आहे साहेब, सरकार घेऊन जाईल. शब्द माझा आहे."

हेड कॉन्स्टेबल बाहेर येऊन पुटपुटले, "इत्ता अड़ियल आदमी! गाँधीजी ने बार खोला होता तो ऐसा ही होता."

दुसऱ्या दिवशी प्रवासी शुद्धीवर आला. कलकत्त्याचे निवृत्त प्राध्यापक. पत्नीच्या निधनानंतर देश पाहायला निघाले होते. दिवसा किल्ले, मंदिरे, वस्तुसंग्रहालये पाहायची आणि संध्याकाळी त्या गावातला जुना बार शोधून एक पेग घेऊन तासभर बसायचे, हा त्यांचा प्रवासाचा शिरस्ता होता. मी स्वतः मद्य घेत नाही. महूच्या लष्करी वसाहतीत वाढलेल्या माझ्या वडिलांनी घरात तसे वळणच पडू दिले नव्हते. त्यामुळे बार म्हणजे भांडणाची जागा, एवढीच माझी कल्पना होती. पण इस्पितळाच्या खाटेवरून ते गृहस्थ बोलत गेले आणि मी जबाब लिहिणे विसरून ऐकत राहिलो. पणजीच्या गल्लीतली फेणीची छोटी खोली, जिथे मालकीण तिन्हीसांजेला आधी क्रूसापुढे मेणबत्ती लावते आणि मग गिऱ्हाइकाकडे वळते. शिलाँगमधले लाकडी पब, जिथे शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस गिटार तुमच्या हाती देतो. पाँडिचेरीत समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या. त्यांच्या स्वतःच्या शहरातले उंच छताचे, पंखे हळू फिरणारे जुने बार, जिथे वाढपी तुमची नेहमीची जागा विसरत नाही.

"शहर का दिन सब दिखाते हैं," ते म्हणाले. "शाम अपने आप दिखती है."

मग ते मुद्द्यावर आले. दोघेजण खिडकीखालच्या त्यांच्या बाकावर येऊन बसले होते. आपण वीस वर्षे सांचा खात्यात काम केले, आता गिरणी बंद आहे, असे सांगत होते. गिरणीतल्या मागांच्या विभागाला इथे सांचा खाते म्हणतात. गोड माणसे. कानाशी वाकून हळू आवाजात बोलत. त्यानंतरचे त्यांना आठवत नव्हते. "और मेरा कैमरा?" त्यांनी विचारले.

कॅमेऱ्याचा उल्लेख तपासात त्यांनी प्रथमच केला होता, पण निनावी फोन करणाऱ्याला तो आदल्या दिवशीच माहीत होता. फोन करणारा गुन्ह्यात होता किंवा गुन्ह्याच्या अगदी जवळ होता. मात्र तो बारमधलाच असू शकत होता. त्यामुळे काकांवरचा संशय कमी झाला नाही.

त्या संध्याकाळी मी साध्या कपड्यांत बारमध्ये गेलो. भिंतीला लागून लांब लाकडी बाकडी, वर एक मंद दिवा, कोपऱ्यात पाण्याचा माठ. मी पहिल्याच बाकावर बसलो. समोरच्या म्हाताऱ्याने मान हलवली.

"भिया, ये सांचेवालों की बैठक है. आप नए हो, उधर बीच में बैठो."

"बसण्याचेही नियम आहेत का इथे?" मी विचारले.

"क्या?" त्याने कानाला हात लावला. "ज़ोर से बोलो! तीस साल सांचे में रहा हूँ, कान वहीं छोड़ आया."

मागांच्या खडखडाटाने कान गेलेले शेजारचे तिघेही असेच मोठ्याने बोलत होते आणि मध्येच ओठ हलवून, हातवारे करून पलीकडच्याला काही सांगत होते. गिरणी बंद झाली तरी ज्याचे जे खाते होते, त्याचे बाक तेच राहिले होते. सांचेवाले दाराशी, रंगखाते खिडकीखाली, बॉयलरवाले माठाजवळ. कोणी ठरवले नव्हते. बंद फाटकाबाहेर माणसांनी आपली गिरणी तशीच मांडून घेतली होती. प्राध्यापक खिडकीखाली बसले होते. त्यांच्याशी कानात हळू बोलणारे ते दोघे सांचा खात्यातले असणे शक्यच नव्हते.

एवढ्यात काकांनी स्वतः येऊन माझ्यापुढे बशी ठेवली. उकडलेले चणे, कांदा, वर लिंबू आणि जिरावण मसाला.

"काका, मी ड्युटीवर आहे. काही घेणार नाही."

"सोडा तरी?"

"चालेल."

"मग आधी हे खा. माझ्याकडे खाल्ल्याशिवाय ग्लास पुढे येत नाही. आजोबांचा नियम आहे. उपाशी पोटी कोणाला काही द्यायचं नाही. एकदा माझ्या हातचं खाल्लं की माणूस माझा."

मी चणे खाल्ले. चांगले होते. आणि खाता खाता मला जाणवले की ठाण्यात मी काकांना चुकीचा प्रश्न विचारत होतो. त्यांच्या शब्दाची सीमा त्यांनीच आता माझ्यापुढे मांडली होती.

"काका, कोण बसले होते ते मी विचारत नाही. एवढेच सांगा, त्या दोघांनी तुमचे चणे खाल्ले का?"

काका उभेच राहिले. हातातल्या फडक्याची त्यांनी घडी घातली, पुन्हा उलगडली.

"नाही," ते म्हणाले. "एकाने बशी सरकवली. म्हणाला, मजदूरों का खाना है, हटाओ. म्हणून मी त्यांना ग्लास दिला नाही. ते बाबूजींच्याच ग्लासाशी चाळा करत बसले होते."

"मग ते तुमचे नव्हेत."

"नव्हेतच," काका म्हणाले, आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. ठाण्यात ज्यांनी एक अक्षर सांगितले नव्हते, ते आता भरभरून सांगू लागले. एकाची अंगठी, दुसऱ्याची डावी भुवई, निळी स्कूटर. एकाने टेबलावर किल्ली टाकली होती, तिच्या पितळी बिल्ल्यावर सियागंजातल्या एका लॉजचे नाव होते. रंगखात्याच्या त्या बाकावर आणखी कोण होते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचांसमक्ष त्या लॉजच्या खोलीची झडती घेतली. प्राध्यापकांची बॅग, कॅमेरा, इतर प्रवाशांची घड्याळे आणि झोपेच्या गोळ्यांची पाकिटे मिळाली. दोघेही बाहेरगावचे; आयुष्यात गिरणी पाहिलेली नव्हती. "मिलवाले का नाम लो तो पुलिस आगे नहीं पूछती," एकाने चौकशीत निर्विकारपणे सांगितले. फोन त्यानेच केला होता.

खटला उभा राहिला. आरोपींच्या वकिलांनी सारा रोख काकांवर ठेवला : गोळी मालकाने मिसळली, माल त्याच्या माणसांनी लॉजमध्ये ठेवला. आबकारी खात्यानेही निकाल लागेपर्यंत परवान्याचा निर्णय रोखून धरला होता. काकांची साक्ष टिकली तरच बार टिकणार होता.

उलटतपासणीत वकिलांनी विचारले, "तुमचा बार त्या संध्याकाळी भरलेला होता?"

"होय."

"आरोपींनी बशी सरकवली, ग्लासाशी चाळा केला, हे आणखी कोणी पाहिले?"

"पाहिले."

"एक नाव सांगा."

काकांनी नकारार्थी मान हलवली. न्यायाधीशांनी समज दिली, साक्षीदार उत्तर देण्यास बांधील आहे. काकांनी हात जोडले. "साहेब, ती माणसं माझ्याकडे खाऊन बसली होती."

"याचा अर्थ कोणी नव्हतेच," वकील हसून म्हणाले आणि बसू लागले.

तेव्हा मागच्या भिंतीपाशी हालचाल झाली. निळसर बोटांचा एक माणूस पुढे आला. रंगाऱ्याच्या नखांतला तो रंग गिरणी बंद झाल्यावरही निघाला नव्हता. "मैं था, हुज़ूर. उसी बेंच पे."

"मी पण होतो," दुसरा मराठीत म्हणाला. पट्टेवाला गप्प बसवायला धावला, तोवर तिसरा उभा राहिला होता. "मेरा भी नाम लिखो साहब. घरवाली को कल ही सब बता दिया. खाना बंद है, पर नाम लिखो."

न्यायालयात हशा पिकला. न्यायाधीशांनाही तोंडावर हात ठेवावा लागला. त्यांनी शांततेची ताकीद दिली, पण सरकारी वकिलांनी त्याच दिवशी त्या तिघांना साक्षीसाठी बोलावण्याचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. तिघांच्या साक्षी एकमेकांशी जुळल्या. आरोपींना शिक्षा झाली. परवान्याची नोटीस मागे घेतली गेली.

साक्षीसाठी आलेले प्राध्यापक व्हरांड्यात मला म्हणाले, "आपके शहर में मैं लुट गया, और लोगों से यही कहूँगा कि इंदौर जाओ तो एक शाम वहीं बैठना." मी नमस्कार केला.

माणसाला बोलते करणे म्हणजे त्याचा निर्धार मोडणे, असे मी नोकरीच्या आरंभी समजत होतो. काकांनी मला वेगळे शिकवले. प्रामाणिक माणसाच्या शब्दाला एक कुंपण असते. ते पाडायला गेलात तर आत काहीच मिळत नाही. कुठून आत यायचे हे विचारलेत, तर तो स्वतः फाटक उघडतो. त्यानंतर कोणाचाही जबाब घेण्यापूर्वी मी स्वतःला विचारत असे की हा माणूस काय राखून आहे, आणि कोणासाठी. त्या दिवशी न्यायालयात काकांनी एकही नाव घेतले नाही, म्हणून तिघांनी आपापले नाव स्वतः घेतले.