खिळ्यावरची चावी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मंचरच्या बाजारपेठेत माझं पशुखाद्याचं दुकान आहे. गल्ली इतकी अरुंद, की एक ट्रक उभा राहिला की मागचं सगळं थांबतं. म्हणून आमच्यात एक रीत होती. माल उतरवायला आलेल्या ड्रायव्हरनं चावी दुकानाच्या दारातल्या खिळ्याला अडकवायची, मगच चहाला जायचं. वाट हवी असेल त्यानं चावी घ्यावी, गाडी पुढं काढावी. कुणी विचारत नसे.

त्या दिवशी आळेफाट्याचा दत्तू सरकी पेंडीची पोती घेऊन आला. चावी अडकवून चहाला गेला. मागं शेजारच्या दुकानदाराचा टेम्पो येऊन थांबला. माझ्या मालाचा ट्रक हलला असता तर तो पुढं घुसला असता, हमाल त्याच्याकडं गेले असते. एवढंच — एवढ्यासाठी मी चावी काढून खिशात टाकली.

मग निरगुडसर गावची जीप आली. आत कळा देणारी बाई, दवाखाना गल्लीच्या पलीकडच्या टोकाला. लोक खिळ्याकडं धावले. खिळा रिकामा. तेव्हा चावी काढून द्यायला कितीसा वेळ लागला असता? पण सगळी गल्ली बघत होती — आणि ती माझ्या खिशात कशी, हे काय सांगणार होतो मी?

बाई जीपमध्येच बाळंत झाली. भर रस्त्यात, बायकांनी धरलेल्या लुगड्यांच्या आडोशाला. दोन्ही जीव वाचले. दत्तू धावत आला, तर बाईच्या भावानं त्याच्या कानाखाली काढली. "चावी घिऊन चहा ढोसत बसतो व्हय रं?"

"खिळ्यालाच लावली व्हती की!" दत्तू माझ्याकडं वळला. "शेठ, तुमच्या म्होरंच लावली ना?"

"मला नाय दिसली," मी म्हणालो.

नंतर पोत्यांमागं सापडल्याचं सोंग करून चावी दत्तूच्या हातावर ठेवली. सावलीत पडलेलं लोखंड गार असतं. ही माझ्या अंगानं गरम झालेली. दत्तूनं मूठ मिटली, माझ्याकडं पाहिलं — आणि गाडी काढली. पुन्हा कधी आला नाही.

आता कुठलाच ड्रायव्हर खिळ्याला चावी लावत नाही. हरवली तर मार कोण खाणार? जो तो खिशात घालून जातो. गल्ली रोज तुंबते.

परवाही तुंबली. दुकानात अडकलेलं गिऱ्हाईक वैतागलं, "हे ड्रायव्हर लई माजलेत, शेठ. चावी ठिवून जायला काय व्हतं यांना?"

मी मान हलवली. खरंय म्हणालो.