शैलाचा उजवा हात

फोन शैलाच्या भावजयीचा, रेखावहिनींचा होता. "माणिकताई, शैलाताई गेल्या हो..." एवढंच त्या म्हणाल्या. पुढचं मला ऐकू आलं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एका जुन्या यंत्राच्या तारा जोडत बसले होते, तिथंच स्टुलावर बसून रडले. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात कुठंतरी थोडं समाधानही होतं. आदल्याच दुपारी मी तिच्याजवळ तासभर बसून आले होते. आजारपणात तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "माणके, मला एकटीला जायचं नाही. तू ये, माझ्याजवळ बस." मी शब्द दिला होता आणि तो पाळला होता. निदान त्या दिवशी मला तसं वाटत होतं.

शैला आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि मी तिथली यंत्रं दुरुस्त करायचे. दोघींचं जमायचं काही कारण नव्हतं. ती हट्टी, मी तोंडाळ. पण हाताला, पायाला कसं कळतं, या एका प्रश्नानं तिला झपाटलं होतं आणि तिच्यापायी मलाही. शाहूवाडीच्या भातखाचरांतून ती खेकडे आणायची, ओल्या ओबडधोबड फळीवरून त्यांना चालवायची आणि माझ्याकडून त्यांच्या चालीची मोजमापं काढून घ्यायची. "बघ, पाय घसरला हे आधी पायाला कळतंय, खेकड्याला मागनं," असं अगदी कौतुकानं सांगायची. मी विचारायचे, "रस्सा कधी करायचा तेवढं सांग." मग दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तिचा डबा उघडलेला असायचा...

खेकड्यांवरून ती माणसांकडे वळली ती बाबूमामांमुळे. पेठ वडगावजवळच्या एका गुऱ्हाळावर हे गुळवे, म्हणजे गूळ शिजवणारे. काहिलीतला, त्या मोठ्या कढईतला, पाक कधी उतरवायचा, ते बोटांनी ठरवायचे. हात गार पाण्यात बुडवून, काठीवरचा चिमूटभर कढत पाक घ्यायचा आणि बोटांत त्याची गोळी वळायची. त्या दोन क्षणांत काय कळतं, हे शैलाला हवं होतं. ती नेमकी तेव्हाच प्रश्न विचारायला लागली, तसे मामा खेकसले, "बाई, हात बघतोय तवर त्वांड बंद ठिवायचं. बोललं की हाताचं ध्यान जातंय." शैलानं ते इतकं मनावर घेतलं की आमच्या प्रयोगांचा तो नियमच झाला. डोळे मिटलेल्या माणसाच्या हाताला स्पर्श करायचा असेल, तर स्पर्श करणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. आवाजावरून अंदाज बांधता आला तर हाताची परीक्षा कसली? पुढं आम्ही ॲल्युमिनियमचा एक यंत्राचा हात केला, बोटांच्या टोकांना दाब ओळखणाऱ्या चकत्या लावल्या. वर्षभर त्यानं मऊ गूळ एक तर चेंदून टाकला, नाही तर पाडला. ज्या दिवशी त्यानं तो अलगद धरला, त्या दिवशी ही बाई साडी खोचून प्रयोगशाळेत नाचली होती.

आणि मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हातातली ताकद परत आली, संवेदना मात्र आली नाही. बघत असली की हात सगळं करायचा. नजर हलली की कप खाली. "दार उघडतंय गं, पण घरात कोण न्हाई," असं म्हणून हसायची. मला ते हसणं सोसायचं नाही. त्या हातावरही तिनं प्रयोग लावले. ती डोळे मिटायची, मी मुकाट्यानं तिच्या तळव्यावर किल्ली ठेवायचे, कधी चमचा, कधी माझीच बोटं. "ठेवलंस का?" ती विचारायची. मी ठेवून मिनिट झालेलं असायचं. माझे डोळे भरून यायचे, पण नियम म्हणजे नियम. मी बोलायचे नाही.

दुसऱ्या झटक्यानंतर ती दवाखान्यात होती. त्या दुपारी मी गेले तेव्हा वहिनी औषधं आणायला बाहेर गेल्या होत्या, मी निघेपर्यंत परतल्या नव्हत्या. शैलाचे डोळे मिटलेले. डाव्या हाताला सलाइन, पट्ट्या. म्हणून मी पलीकडं बसले आणि तिचा उजवा हात हातात घेतला. बोलले नाही. इतक्या वर्षांची सवय... तिचे डोळे मिटलेले, तिचा हात माझ्या हातात, माझं तोंड आपोआप बंद झालं. थोड्या वेळानं तिची बोटं हलली, माझ्या बोटांभोवती वळली. मला वाटलं, ओळखलं हिनं. मी तासभर तशीच बसले आणि भरल्या मनानं, पाय न वाजवता निघून आले.

महिनाभरानं वहिनींकडे गेले होते. बोलता बोलता म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी सांजच्याला तीनदा विचारलं बघा तुमाला. माणिक आली न्हाई का? मी म्हटलं, येतील की उद्या." हात हलतो म्हणजे त्याला कळतं असं नाही, हे मी तिच्याकडूनच शिकले होते, हजारदा मोजलं होतं. तिच्या उशाशी बसून तेवढंच विसरले. एकदा "शैला" म्हटलं असतं, तर पुरलं असतं. ती मी आले नाही असं समजून गेली. हे मी वहिनींना सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

आता मला एक खोड लागली आहे. कुणालाही हात लावायच्या आधी मी नाव सांगते. दुपारी आमचे हे आडवे झालेले असतात. चहाला उठवायला मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "मी माणिक. मी आलेय." परवा ते डोळे न उघडताच हसून म्हणाले, "अगं, रोज काय सांगतीस? तुझा हात मला कळत न्हाई व्हय?"