घोरपडीची पडवी

मला सवत नव्हती, पण एक घोरपड होती.

लग्नानंतरचं दुसरं वर्ष, सत्त्याऐंशीच्या आसपासचं. पारोळ्याजवळच्या खेड्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. दिवाळीनंतर भाव चढेल या आशेवर सगळा कापूस घरातच भरायचा, त्यामुळे पुढची खोली आढ्यापर्यंत पांढरी. सासू, नवरा आणि मी मागच्या खोलीत स्वयंपाक करायचो, जेवायचो आणि तिथंच झोपायचो. मेहरूणच्या माहेराहून आणलेलं माझं शिलाई मशीन चुलीपलीकडे पोत्याखाली झाकून पडलं होतं. त्याच्याहीमागे पडवी होती, भरपूर उजेडाची. मशीन तिथं मांडायचं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. बोलले मात्र कुणाशीच नाही.

पौषात एके दिवशी नवरा शेतातून आला तो खांद्यावर घोरपड घेऊन. कोरड्या विहिरीत पडली होती, मागचा पाय सुजला होता. पाय बरा होईपर्यंत ठेवू, म्हणाला. घोरपड घरात ठेवायची नसते, कायद्यानंही नाही, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्या गावीही नव्हतं.

पहिल्या रात्री तिला शेजारून मागून आणलेल्या, कोंबड्या झाकायच्या डाल्याखाली ठेवलं. सकाळी डालं एकीकडे आणि बाई चुलीमागे. मग नवऱ्याने जुन्या बैलगाडीच्या फळ्या काढून पेटी ठोकायला घेतली. शिवणकाम शिकलेली मी, त्याचं माप घेणं बघत होते. त्यानं दोरी तिच्या नाकाशी धरली आणि शेपटी सुरू होते तिथं गाठ मारली.

"अहो, शेपटी?" मी म्हटलं.

"बैलनी शेपटी कोनी मोजस का?" तो हसला. गोठा बांधताना बैलाच्या अंगाला जागा देतात, शेपटी आपोआप मावते. हा त्याचा हिशोब. पण बैलाची शेपटी लोंबते, हिची जमिनीवर पसरते आणि अंगापेक्षा लांब. पेटी झाली तेव्हा बाई तिच्यात वाटोळी होऊन बसली, शेपटीचं टोक स्वतःच्याच नाकाखाली घेऊन.

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण चुकीचं माप दिसलं की माझ्यानं राहवत नाही. टेप काढला, नाकापासून शेंड्यापर्यंत धरला. चार फुटांच्या वर भरली. "हिला नुसतं मावून चालणार नाही," मी सांगितलं. "चालायला हवं, शेपटी भिंतीला न लागता वळायला हवं. लांबी हिच्या दुप्पट तरी धरा, रुंदी हिच्याएवढी. अंगाबरोबर बेतलेल्या चोळीत हात वर होत नाही."

त्याला ते पटलं. आणि एवढी जागा घरात एकच होती.

पडवी गेली! माझ्याच तोंडाने गेली. त्याने अर्ध्या पडवीला तारेची जाळी ठोकली. उकरायला हातभर खोल माती टाकली. अंग बुडवून बसायला मोठं घमेलं ठेवलं. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला सावली. रोज शेतातून आला की आधी तिकडे. ज्या घरात अंड्याचं टरफल चालत नव्हतं, तिथं कागदात गुंडाळून अंडी यायला लागली, आणि अक्का, माझी सासू, तोंडाला पदर लावून बघायची. मी जळत होते. एका सरपटणाऱ्या जनावराचा हेवा करते आहे, हे कळत होतं आणि तरीही जळत होते. भांडी आपटत होते. भांडी आपटली की सांगितल्यासारखंच होतं, असं मला तेव्हा वाटायचं.

फाल्गुनात ऊन तापलं आणि थंडीत ओंडक्यासारखी पडून राहणारी घोरपड पळायला लागली. पाय बरा झाला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिवसभर. जाळीला नाक घासून घासून सोलून घेतलं. नवऱ्याने मधली जाळी काढून पडवीच्या उघड्या बाजूला ठोकली आणि अख्खी पडवी तिला दिली. मग ती भिंत ओरबाडायला लागली, एकाच जागी. दुपारी मी एकटी असले की तो खरखर आवाज ऐकत भाकरी थापायची. एकदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणासाठी आलं ते विचारू नका.

"तिले बठ्ठं शिवार लागस," एका सकाळी नवरा म्हणाला. अख्खं शिवार तिचं, म्हणून तिला उचलून नाल्याच्या बांधावर सोडून आला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, दुपारपर्यंत. पण हा माणूस दोन दिवस नीट जेवला नाही. मी पंधरा-पंधरा दिवस माहेरी राहून यायचे तेव्हा याचं एक जेवण चुकत नसे, अक्कानेच सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी तो पडवीत उभा राहून म्हणाला, थोडा कापूस इकडे काढता येईल.

तिथं माझा बांध फुटला. "तिच्यासाठी तीनदा जागा मोजलीत. मला किती लागते, एकदा तरी विचारलंत?"

तो चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. खरंच आठवून बघितलं त्यानं.

"तू कधी बोलनीच नही," तो म्हणाला. "ती नखं तरी मारे."

मी आत गेले, मशीनवरचं पोतं बाजूला फेकलं आणि ते जड धूड एकटीनं ओढायला लागले. तो हात लावायला आला, मी नको म्हटलं. बिडाचे पाय जमिनीत रुतत होते, चुलीपासून पडवीच्या दारापर्यंत लांब ओरखडे उठले.

"अव माय, बठ्ठं सारवन उखडी गयं!" अक्का ओरडली.

"उखडू द्या," मी म्हटलं, आणि ओढतच राहिले.