थंडीत न ताठणारी फिल्म

बॅटरीच्या कारखान्यात एक खोली अशी होती, की तिथल्या हवेत जरासुद्धा ओलावा चालत नसे. आत काम करणाऱ्यांचे ओठ फुटत, घसा सारखा खवखवे. तिथली सर्वांत जुनी बाई म्हणून तिला सगळे कोरडी मावशी म्हणत. आधी तिला राग यायचा, मग ते नाव अंगवळणी पडलं.

पॉलिमर आणि लिथियमचा क्षार द्रावकात विरघळवायचा, ते दाट मिश्रण काचेवर ओतायचं, पात्याने एकसारखं पसरायचं आणि भट्टीत सुकवायचं, हे तिचं काम. सुकलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखी फिल्म सुटून येई. बॅटरीत एरवी जो पेट घेणारा द्रव असतो, त्याच्या जागी ही फिल्म बसवायची होती. अडचण एवढीच, की उष्णतेत ती लिबलिबीत होई आणि गारठ्यात अशी ताठे, की लिथियमला तिच्यातून हलताच येत नसे आणि बॅटरी चालत नसे.

गारठ्याचं दुखणं तिच्या घरातच होतं. नवरा शीतगृहात मालगाडा चालवी. आत गेलं की गाड्याची बॅटरी मान टाके आणि हा बाबा गाडा ढकलत बाहेर येई.

"तू वाळवंटात, मी बर्फात," पाठ शेकत तो म्हणे. "आपल्या घरात धड हवामान कुणाच्याच नशिबी नाही."

मालकांनी बजावून ठेवलं होतं. पाहणीच्या दिवशी एकाच बॅटरीने थंड कपाटातही दिवा लावला पाहिजे आणि गरम भट्टीतही. नाहीतर विभाग बंद, सगळ्यांची रवानगी पॅकिंगमध्ये.

"खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला मी जाणार नाही," मावशी म्हणाली होती.

आणि एका सकाळी थंड कपाटातला दिवा लख्ख पेटला. बॅटऱ्या जोडणारा चष्मेवाला टेबलावर थाप मारून ओरडला. विभाग सांभाळणाऱ्या बाई, मावशीहून वयाने निम्म्या, तिच्या गळ्यातच पडल्या. मावशी मात्र उरलेली फिल्म उजेडात धरून बघत होती.

"तोंड का पाडलंयस, मावशी?" बाईंनी विचारलं.

"फिल्मच्या कडा वळायच्या ना सुकताना? म्हणून ह्या वेळी मी वरून कागद दाबून ती भट्टीत ठेवली."

बाईंचं हसू थांबलं. "म्हणजे द्रावक उडायला वाटच नव्हती."

"तेच म्हणतेय मी. ओली असणार ती."

चष्मेवाला कळवळला. "मावशी, तुला कुणी विचारलं होतं का? मालकांना दिवा दाखवू, पुढचं पुढे!"

"आणि भट्टीत फुगली म्हणजे?"

"तोवर ते चहाला गेले असतील."

"ते जातील चहाला. गाडा घेऊन बर्फात माझा नवरा जायचाय."

बाईंनी उरलेल्या फिल्मचं वजन केलं, कागद काढून ती पुन्हा सुकवली आणि पुन्हा तोलली. काटा खाली आला, म्हणजे द्रावक आत होतंच. त्या फिल्मची बॅटरी कपाटात ठेवली, तर दिवा नुसता लुकलुकला आणि विझला. बाई डोकं धरून बसल्या. मावशीने काच पुसायला घेतली.

"बसून काय होणार, बाई? ओली असताना का चालली, ते सांगा."

"द्रावकामुळे आत मऊ राहिली म्हणून."

"मग मऊपणा आणू. पण उडून न जाणारा."

बाईंनी मान वर केली. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी थंडीतही न ताठणारं एक पॉलिमर मिसळायला घेतलं आणि उष्णतेत ते वाहू नये म्हणून त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना मधूनमधून बांधल्या. बांधणी कमी पडली की फिल्म काचेला चिकटून बसे, जास्त झाली की तडकन् तुटे. मावशी दोन्हींना शिव्या घाली आणि पुढची ओती. कडांसाठी आता तिने पत्र्याची चौकट केली होती, वरून उघडी. चष्मेवाला कुरकुरत का होईना, दर वेळी नवी बॅटरी जोडून देई.

पाहणीला मालक आले. थंड कपाटात दिवा लागला, पण मंद. मग तीच बॅटरी भट्टीत गेली. फिल्म फुगली नाही, दिवा लुकलुकलाही नाही.

"एवढाच उजेड?" मालकांनी विचारलं.

बाई काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "एवढाच. पण दोन्हीकडे लागला."

मालकांनी वाकून दिवा जवळून पाहिला. "वर्षभर बघू," ते म्हणाले. "पण उजेड वाढवा."

"ही बॅटरी गाड्यात कधी बसणार मग?" नवऱ्याने संध्याकाळी विचारलं.

"अजून नाही. थोडे दिवस ढकल."

"आणि पाठ?"

"माझीही काचेवर वाकून मोडलीय. आण ते तेल इकडे."

उजेड वाढवायचा तर फिल्म पातळ करायला हवी होती, आणि पातळ फिल्म काचेवरून सोडवताना फाटते. सकाळी मावशीने पातं खाली घेतलं. पहिली फाटली. दुसरी कडेपर्यंत सुटत आली आणि तिथे फाटली. तिने काच पुसली आणि पुन्हा मिश्रण ओतलं.