मी न पाहिलेली भिंत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर माझ्या पोटातलं सहसा न सांगताच कळतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, बहुधा म्हणूनच.

शहरात मला थोडंफार नाव आहे. सरकारी नोकरी सांभाळून, पाठीवर सॅक टाकून एकटा फिरणारा माणूस. तेही कुठं – तर जिथं जिथं दुसरं महायुद्ध झालं तिथं. थायलंडचा रेल्वेपूल, पेनांगचे बंकर, मलेशियातला तो किनारा जिथं जपानी फौजा उतरल्या. परत आलो की शहराच्या छावणी भागातल्या एका सभागृहात पडद्यावर फोटो दाखवतो आणि पुढच्या रांगेतले लोक माना डोलावतात. स्वतःची टिमकी वाजवायची मला हौस आहे, आता लपवून काय उपयोग?

अशाच एका कार्यक्रमानंतर सुमनमावशी माझ्यासाठी थांबल्या होत्या. आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या, निवृत्त नर्स. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात त्या रोज सकाळी घरी येऊन इंजेक्शन देऊन जायच्या. आईनं त्यांच्यासाठी कप वेगळा ठेवला होता. तो वेगळा आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला.

मावशींचे वडील फौजेत होते. त्या पोटात असताना ते सिंगापूरला गेले आणि पुढं एक कागद आला – बेपत्ता. लासूर स्टेशनजवळच्या त्यांच्या गावानं मात्र आपला निकाल केव्हाच लावला होता: पळाला, तिकडंच दुसरी केली. मावशींच्या आईनं मरेपर्यंत कुंकू लावलं, कारण मेल्याचं कुणी सांगितलंच नाही तर पुसायचं कसं? त्यावरही गाव हसलं.

"दादा, तिकडं एका भितीवर नावं हायेत म्हनं," मावशी म्हणाल्या, "ज्यांची मातीबी सापडली नाय त्यांची. आमच्या बाचं हाय का तेवढं बघता का? असंल तर फोटू काढा. गावात नेऊन दाखवीन म्हनते एकदा." वडिलांचं नाव आणि फौजेतला नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. मी अगदी छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

आता – कसं सांगू? सिंगापूर माझ्या पुढच्या सहलीचं शेवटचं ठिकाण होतं. हातात एकच दिवस. ती भिंत जिथं आहे ते युद्धस्मारक शहराच्या पार उत्तर टोकाला. तीन आठवडे किनाऱ्याकिनाऱ्यानं भटकून पाय दुखत होते, हॉस्टेलमध्ये एसी होता. मी दुपारपर्यंत झोपलो. मग केळीच्या पानावर भात जेवलो, बायकोसाठी पर्स घेतली आणि रात्रीच्या विमानात बसलो. आजारी नव्हतो, रस्ता चुकलो नव्हतो. कंटाळा आला, बस. ब्रिटिशांची, जपान्यांची थडगी मी त्याच सहलीत उन्हातान्हात तासतासभर पाहिली होती. नाव माझ्या घरातलं असतं तर झोपलो असतो का?

परत आल्यावर 'जमलं नाही मावशी' एवढंच म्हणायचं होतं. पण आपण तर सगळं पाहून येणारे! मी म्हणालो, "नाव नाही दिसलं."

"समदी भित बघितली?"

"एकूण एक नाव वाचलं."

मावशी म्हणाल्या, "म्हंजी लोक खरंच बोलत व्हते." तेव्हाही सांगता आलं असतं. पुढं दोन वर्षं त्या जवळजवळ रोज दिसायच्या, तेव्हाही आलं असतं.

वडिलांचा गणवेशातला फोटो त्यांनी भिंतीवरून उतरवला. दर वैशाखी पौर्णिमेला त्यापुढं मेणबत्ती लावायच्या, तेही बंद केलं. हे मला त्यांच्या मुलानं सांगितलं – माझ्याच पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी, ज्यात मी त्या स्मारकावर इंटरनेटवरचे फोटो दाखवून दहा मिनिटं बोललो आणि टाळ्या घेतल्या.

मावशी वारल्या त्याच्या पुढच्या वर्षी मी पुन्हा सिंगापूरला गेलो. त्या स्मारकात नावांची नोंदवही असते, तीत कुठलं नाव भिंतीच्या कुठल्या खांबावर ते लिहिलेलं असतं. मला वीस मिनिटंही लागली नाहीत. नाव होतं. नोंदवहीतला नंबरही तोच. मी फोटो काढला. कुणासाठी, ते विचारू नका.

परवा मावशींच्या नातीचा साखरपुडा झाला. मुलाकडच्या कुणीतरी विचारलं, तुमच्याकडं कुणी फौजेत होतं का? मावशींचा मुलगा हसत म्हणाला, "व्हते ना आमच्या आईचे वडील. पळून गेले." सगळे हसले. मग माझ्याकडं बोट दाखवून तो म्हणाला, "खरं वाटत नसंल तर ह्यान्ला इचारा. समदी भित वाचून आलेत हे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. फोटो खिशातल्या फोनमध्ये होता.

मी म्हणालो, "हो, वाचली मी."