गोदूबाईचा अवकाळी मोगरा

पालघरजवळच्या माहीमच्या गोदूबाईची वाडी समुद्राला लागूनच होती. कुंपणाबाहेर केतकीची बनं, आत नारळ-केळी आणि विहिरीच्या अंगाला मोगऱ्याचे ताटवे. मोगरा तिनं स्वतः लावलेला. नवरा रामनाथ दम्याचा. त्याच्यानं पाणी शेंदणं होत नसे, म्हणून वाडीचं सगळं तिच्याच हातात आलं होतं.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं, त्या सुमाराचा आश्विन. एके दिवशी दुपारपासून समुद्राकडून असा वारा सुटला, की सकाळपर्यंत केळी आडव्या झाल्या. खाऱ्या तुषारांनी मोगऱ्याचा पाला भाजून निघाला. आठवडाभरात सगळा गळला, नुसत्या काटक्या उरल्या. गोदूबाईनं दोन-तीनदा गोडं पाणी सोडलं आणि नाद सोडला. मोगरा फुलणार तो फाल्गुनानंतर, तोवर जगला तर जगला.

पण तुळशीची लग्नं लागली आणि त्या काटक्यांना कोवळी पानं आली. पानांमागून कळ्या आल्या. मार्गशीर्षात मोगरा असा फुलला, की वाटेनं जाणारे कुंपणापाशी थांबू लागले.

रामनाथची आत्या सोजराबाई शेजारीच राहायची. ती येऊन ताटव्यापाशी उभी राहिली. "गोदू, ह्या कळ्या खुडून टाक. अवकाळी फूल माणूस मागतं. घरात आजारी माणूस हाय."

खाटेवरून रामनाथ म्हणाला, "आत्या, फुलू दे गो. ओंजळभर माझ्या उशाशी आणून ठेव, गोदू."

गोदूबाई रोज त्याच्या उशाशी फुलं ठेवी आणि उरलेली पालघरच्या बाजारात नेई. लग्नसराई होती, मोगरा दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. टोपली बघता बघता रिकामी होई.

पौषात थंडी वाढली, तसा रामनाथचा दमा उसळला. पालघरच्या डॉक्टरांनी सुई दिली, तरी चौथ्या दिवशी तो गेला.

दुखवट्याला बसलेल्या बायकांत सोजराबाई हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं." गोदूबाईनं ते ऐकलं. त्या दिवसापासून विहिरीवर जाताना ती मोगऱ्याकडे बघायचं टाळू लागली.

तेरावं झालं आणि धाकटा दीर गोमा कोयता घेऊन आला. "वैनी, ताटवा तोडून टाकतो. आत्याचा जीव थाऱ्यावर नाय."

"मी लावलाय भावजी. तोडायचा तर मीच तोडीन. कोयता ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खरंच कोयता उचलला. धार बोथट होती. घासायला दगड मागावा म्हणून ती पलीकडच्या बायडीच्या वाडीत गेली. बायडीच्या मागल्या दारी अनंताचं झुडूप होतं. त्यालाही पांढरीशुभ्र फुलं लागली होती.

"हा कधी फुलला?"

"तुझ्या मोगऱ्याबरोबरच," बायडी म्हणाली. "त्या वाऱ्यानं ह्याचापण पाला झडला होता."

आतून बारशाच्या तयारीचा आवाज येत होता. बायडीच्या सुनेला महिन्यापूर्वी मुलगा झाला होता. गोदूबाई बराच वेळ अनंताकडे बघत राहिली.

"बायडे, तुझ्या घरी माणूस आलं, माझ्या घरचं गेलं. झाडं दोन्ही घरी फुलली. मग दोष कुणाला लावू?"

"दमा होता गो त्यांना," बायडी म्हणाली. "आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं."

गोदूबाई तिथेच ओट्यावर बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मनमोकळी रडली. मग घरी येऊन कोयता गोमाला परत देऊन आली.

त्या उन्हाळ्यात मोगऱ्यानं जेमतेम फुलं दिली. अवेळी फुलून तो दमला होता. गावात पुन्हा कुजबुज झाली. तिनं फांद्या छाटल्या, शेणखत घातलं आणि ते वर्ष दुसऱ्यांच्या विड्याच्या पानवाड्यांत मजुरी करून काढलं. पुढच्या चैत्रात ताटवा पुन्हा नेहमीसारखा भरला.

त्याच चैत्रात सोजराबाईच्या नातीचं लग्न निघालं. म्हातारी सकाळीच कुंपणाशी आली. कसं बोलावं ते तिला कळेना.

"वेणीला फुलं हवीत," शेवटी ती म्हणाली. "तुझीच हवीत, म्हणते पोरगी."

"आत या, आत्या. दव आहे अजून, वाळू दे. तोवर चहा ठेवते," गोदूबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.