छपरावाली की उघडी?

"खरं सांगा, कुठली?" शेजारचे अण्णा शेडचं शटर वर करून उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हा एकच प्रश्न टाकायचे.

आत दोन जुन्या विलायती गाड्या. बुटक्या, दोघांपुरत्या, एकाच मॉडेलच्या. एक उघडी. वर नुसती कापडाची घडी, दाराला काच नाही, बाहेरून कडीसुद्धा नाही. आत हात घालून दार उघडायचं. दुसरीला पत्र्याचं छप्पर, काचा, कडी, सगळं. उघडी म्हणणाऱ्याला चहा. छपरावाली म्हणणाऱ्याला अण्णा पाणीही विचारायचे नाहीत. मी दोन्ही म्हणून पाहिलंय.

"छपरावाली म्हणजे पेटी हो! वारा कसा तोंडावर यायला पाहिजे."

सोलापूरचा वारा तो. तोंडावर आला की निम्मी धूळच की.

अण्णांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, दमा. माहेर करमाळ्याचं. त्यांचं मागणं एवढंच होतं, "अहो, जन्मभर एस.टी.नं गेले. एकदा छपरावालीतनं कमलाभवानीला न्या की. ओटी भरून लगेच येऊ. काचा वर केल्या की मला सोसंल."

"पुढच्या नवरात्रात," अण्णा म्हणायचे. आणि उघडीचं काही बिघडलं की छपरावालीचं काढून तिला लावायचे. आधी कार्बोरेटर गेला, मग ब्रेक. मग एके दिवशी डावीकडचं सीटच गेलं. वहिनी त्या मोकळ्या जागेकडं बघून हसल्या.

"माझीच जागा काढली की हो," मला म्हणाल्या. मी लई चिडले. त्या नाही चिडल्या.

गेल्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. ओटी राहिली ती राहिलीच.

तेरावं झालं आणि शेडमधून ठोकाठोकी ऐकू यायला लागली. अण्णांनी उघडी पार सोलून काढली आणि सगळं छपरावालीला परत बसवलं. सीटसुद्धा. नवरात्रात तिच्यातनं एकटेच करमाळ्याला जाऊन, देवीची ओटी भरून आले. गल्ली हळहळली, "केवढं प्रेम बघा!"

प्रेम कसलं डोंबलाचं! बोल्टच फिरवायचे होते, तर बाई जिवंत असताना फिरवायचे.

आता अण्णा शेडमध्ये छपरावालीत बसून असतात, काचा वर करून. शेजारचं सीट रिकामं. काल मी भाजी घेऊन येत होते, तर मला बघून काचेआड त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण प्रश्न पाठच आहे.

मी थांबले नाही.